एल्मच्या बोन्सायला खत घालताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात देहरादून येथे दुपारच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी दुपारच्या या वेळात कुणी रक्तदाबावर बोलते, कुणी म्युच्युअल फंडावर. यंदा आपल्या चिटणीसांनी मला गाठले आणि म्हणाले, "काका, तुमच्या त्या बुटक्या झाडांवर बोला." मी म्हटले, बोन्सायवर बोलायला बसलो तर अनंत चतुर्दशी उजाडेल. त्यापेक्षा एकाच झाडावर आणि एकाच गोष्टीवर बोलतो. झाड एल्मचे, आणि गोष्ट खताची. महाप्रसाद आटोपला आहे, तेव्हा पेंड, शेण आणि कुजलेला पाला यांची नावे काढायला आता हरकत नसावी.

टेबलावर ठेवलेले हे झाड म्हणजे चायनीज एल्म. शास्त्रीय नाव उल्मस पार्विफोलिया, म्हणजे लहान पानांचा एल्म. मूळचा चीन, कोरिया, जपानकडचा. बहुतेक एल्म वसंतात फुलतात, हा पावसाळा सरताना फुलतो. म्हणून जपानी लोक याला 'अकिनिरे', शरदातला एल्म, असे म्हणतात. उंची दीड वीत, वय वीसच्या वर. पाने बघा, एक या बाजूला, पुढचे त्या बाजूला, त्यामुळे डहाळी नागमोडी जाते. पानाची कड करवतीसारखी आणि देठाजवळची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. ही खूण लक्षात ठेवा. नर्सरीत 'एल्म' म्हणून कधीकधी फुकिएन टी नावाचे वेगळेच झाड हातात देतात. त्याची पाने चकचकीत, वर बारीक पांढरे ठिपके. ते उष्ण प्रदेशातले झाड, त्याला एल्मसारखी थंडीतली झोप नसते आणि त्याचे खताचे वेळापत्रकही वेगळे.

एल्म हा शब्द परका वाटला तरी त्याचा एक नातेवाईक आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडचा वावळ याच कुळातला. इथे त्याला चिलबिल किंवा पापडी म्हणतात. कागदासारखे गोल पंख असलेल्या त्याच्या बिया उन्हाळ्यात वाऱ्यावर उडत येतात आणि इथली मुले त्या सोलून खातात. एल्मचे बीही तसेच, फक्त आकाराने लहान.

आता हे झाड माझ्याकडे कसे आले ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय खताचा मुद्दा पुढे जाणार नाही.

आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात पंधरा-वीस बोन्साय होती. त्यातला एक एल्म त्यांनी हातभर काडीपासून वाढवला होता, तब्बल बावीस वर्षे. 2003 मध्ये दादा निवृत्त झाले आणि मुलाकडे सांगलीला जायचे ठरले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ऊन येणार ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाकीची झाडे त्यांनी वाटून टाकली. एल्म माझ्या व्हरांड्यात आणून ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्याकडे. वर्षातून एकदा बघायला येईन." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ते माझ्याशी बोलत नाहीत इतकं या झाडाशी बोलतात, जरा सांभाळा."

मी सांभाळले, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. एप्रिल 2004 मध्ये पाने पिवळी पडून गळू लागली. मला वाटले, झाड उपाशी आहे. घरात बागेसाठी आणलेली डीएपीची पिशवी होती. एक मूठ घेतली, मातीवर पसरली, वरून भरपूर पाणी. मनात म्हटले, आठ दिवसांत बघा कसे टवटवीत होते. सहाव्या दिवशी उरलेल्या पानांच्या कडा करपल्या आणि दहाव्या दिवशी झाडावर एकही हिरवे पान नव्हते.

जवळच्या नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळ्याला घेऊन आलो. त्याने काही न बोलता झाड कुंडीतून उपसले. कुंडीच्या तळाची दोन्ही भोके मुळांनी आणि गाळाने बंद झालेली, खालची माती चिखल आणि मुळे काळी, वास मारणारी. पाणी साचून मुळे कुजत होती, म्हणून पाने पिवळी. झाड उपाशी नव्हते, आजारी होते. माळी म्हणाला, "साहब, बुखार में आदमी को पूरी-पकौड़ी खिलाते हो क्या?"

त्या मुठीत काय होते याचा हिशेब मी नंतर केला. तो तुम्हालाही करता यावा म्हणून खताच्या पिशवीवरचे आकडे समजावून सांगतो. तीन आकडे असतात, पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, आणि ते शेकडा प्रमाण असते. डीएपी म्हणजे 18:46:0. माझी मूठ पन्नास ग्रॅमची धरा. त्यात नऊ ग्रॅम नत्र आणि तेवीस ग्रॅम स्फुरद. आता आज मी याच आकाराच्या झाडाला काय देतो? पाण्यात विरघळणारे 19:19:19 हे खत, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्यात नत्र किती, तर 0.095 ग्रॅम. म्हणजे माझ्या मुठीत नत्राच्या जवळजवळ पंचाण्णव मात्रा होत्या. वर्षात अशा सोळा मात्रा देतो. सहा वर्षांचे जेवण मी एका सकाळी वाढले होते, तेही आजाऱ्याला.

एवढ्या खताने झाड मरते कसे, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काय होते? पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात. रासायनिक खतही एक प्रकारचे मीठच. मातीत त्याचे प्रमाण वाढले की मुळांनी पाणी ओढून घेण्याऐवजी मातीच मुळांतले पाणी ओढून घेते. जमिनीत मुळांना पसरायला आणि खताला पातळ व्हायला जागा असते. बोन्सायच्या दोन-तीन इंच खोल ताटलीत ती नसते.

झाड गेले. पण माळ्याने जाण्यापूर्वी बुंध्यालगतची जाड मुळे नखाने खरवडून पाहिली. पाच तुकडे आत पांढरे, घट्ट निघाले. बोटभर लांबीचे ते तुकडे त्याने स्वच्छ वाळूत उभे लावले, बुंध्याकडचे टोक वर आणि जरासे बाहेर. एल्मचा हा मोठा गुण आहे, मुळाच्या तुकड्यालाही तो फुटतो. ऑगस्टमध्ये दोन तुकड्यांना हिरवे टिपके आले. त्यातला एक आज या टेबलावर आहे.

मधल्या काळात दादांचे फोन यायचे. "एल्म कसा आहे रे?" आणि मी म्हणायचो, "मजेत आहे दादा." असे मी दहा महिने म्हणत राहिलो. फेब्रुवारी 2005 मध्ये त्यांनी मार्चची तिकिटे काढल्याचे कळवले, तेव्हा मला सांगावे लागले. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटले लाइन तुटली. मग त्यांनी विचारले, "किती घातलंस?" मी म्हटले, "मूठभर." ते म्हणाले, "मूठ शेतात रे. कुंडीत चिमूट." पुन्हा थोड्या वेळाने, "मुळं लावलीस का कापून?" मी हो म्हटले. मार्चमध्ये ते आले, ती दोन करंगळीएवढी रोपे बघितली आणि चहा पिऊन कामाचेच बोलले. आज मी जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्या दोन दिवसांत त्यांनी मला शिकवलेले आहे. मृत झाडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

असो. खत कोणते निवडावे, तिकडे वळतो.

पहिला प्रश्न खताचा नाहीच, झाडाकडून काय हवे आहे याचा आहे. तुमचा एल्म पेन्सिलीएवढा असेल आणि बुंधा जाड व्हायला हवा असेल, तर त्याला मोठ्या कुंडीत ठेवा, फांद्या हातभर वाढू द्या आणि फेब्रुवारीत पालवी फुटल्यापासून भरपूर खिलवा. या वयात तो खादाड असतो आणि दिलेले अंगी लागते. याउलट बुंधा तयार आहे, आता बारीक डहाळ्यांची जाळी आणि लहान पाने हवीत, तर वसंतातल्या पहिल्या पालवीला अजिबात खत देऊ नका. तेव्हा नत्र मिळाले की पाने मोठी होतात आणि दोन पानांमधले अंतर वाढते. ते अंतर नंतर कमी करता येत नाही, फांदीच छाटावी लागते. पोपटी पाने गडद होऊन हाताला कडक लागली की शेंडे दोन पानांवर खुडायचे आणि मग खत सुरू करायचे. दोन एल्म शेजारी ठेवून एकाला मार्चपासून आणि दुसऱ्याला एप्रिलअखेरपासून खत, असे माझ्याकडे चालते. बघणाऱ्याला वाटते मी पंक्तिप्रपंच करतो.

दुसरा प्रश्न, रासायनिक की सेंद्रिय? यावर लोक भांडतात. माझे मत विचाराल तर झाडाला शेवटी दोन्हींतून मिळणारे नत्र सारखेच. फरक आहे तो वेगाचा आणि चूक माफ होण्याचा. पेंड हळूहळू कुजते, हळूहळू देते आणि हात थोडा सैल सुटला तरी सहसा घात होत नाही. नवशिक्याने पेंडीपासून सुरुवात करावी.

आणि पेंडीच्या बाबतीत आपण इथे भाग्यवान आहोत. जपानमध्ये बोन्सायवाले पिढ्यान् पिढ्या जे खत वापरत आले ते 'अबुराकासु', म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, आणि तो रेपसीडचा. आपली मोहरी त्याच कुळातली. म्हणजे परदेशी डब्यात महाग मिळणारी वस्तू इथल्या घाणीवर सरसों की खली म्हणून किलोने मिळते. तिच्यात साधारण पाच टक्के नत्र आणि थोडे स्फुरद, पालाश असते. महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी शेंगदाण्याची पेंड घ्यावी, तिच्यात नत्र सात टक्क्यांच्या आसपास, म्हणून थोडी कमी. मी तीन भाग मोहरीच्या पेंडीत एक भाग निंबोळी पेंड मिसळतो. मातीतल्या अळ्या कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

पेंड देण्याच्या दोन रीती आहेत. एक पातळ. शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात आठवडाभर भिजवायची, रोज काठीने ढवळायची, झाकण ठेवायचे पण घट्ट नाही. मग गाळून एका भागाला पंधरा ते वीस भाग पाणी. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. वासाबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या घरी त्या आठवड्यात सौभाग्यवती मागचे दार उघडत नाहीत. दुसरी रीत सुकी. ताजी पेंड थेट मातीवर पसरू नका. पावसात तिचा लगदा होऊन मातीचे तोंड बंद होते, वर बुरशी येते आणि उंदीर तर पहिल्याच रात्री हजर. जुन्या मच्छरदाणीच्या कापडात एकेक चमचा पेंडीच्या पुरचुंड्या बांधायच्या आणि कुंडीच्या काठाशी चार कोपऱ्यांत चार ठेवायच्या. बुंध्यापाशी नाही, कारण खाणारी कोवळी मुळे काठाकडे असतात. पाच-सहा आठवड्यांनी बदलायच्या. उंदरांसाठी वरून चहाची जुनी गाळणी उलटी ठेवून तारेने बांधा.

रासायनिक द्यायचे तर 19:19:19 पुरे, वर सांगितलेल्या मापात. युरिया बोन्सायला नको. त्यात 46 टक्के नत्र असते, चमचा जरासा भरून आला तरी फार होते. 2015 पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो, त्याने नत्र सावकाश सुटते हे खरे, पण तो शेतासाठी. खत घालण्याआधी साधे पाणी घालून माती ओली करा आणि मग खताचे पाणी द्या. कोरड्या मातीत कधीच नाही. महिन्यातून एकदा नुसते पाणी भरपूर सोडून साचलेले क्षार धुऊन काढा.

आता आपल्या दूनचे वर्ष. फेब्रुवारीत कळ्या फुगताना कुंडी बदलायची असते. बदलली तर पुढे सहा आठवडे खत बंद, कारण कापलेल्या मुळांना ते झोंबते. मार्च-एप्रिलचे सांगितलेच. मे-जूनमध्ये पारा अडतिसाच्या वर गेला की मात्रा निम्मी, उष्ण वाऱ्याच्या आठवड्यात शून्य. पावसाळा इथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि पातळ खत रात्रीतून वाहून जाते, म्हणून त्या दिवसांत फक्त पुरचुंड्या. बहुतेक जण पाऊस संपला की खत थांबवतात आणि तिथेच चुकतात. माझ्या मते सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे एल्मला खत घालण्याचे सर्वांत चांगले दिवस. वाढ मंदावते, पण पाने काम करत असतात आणि जे मिळते ते झाड खोडात, मुळांत साठवून ठेवते. पुढच्या वसंतातली पहिली पालवी त्या साठ्यावर फुटते. नोव्हेंबरात कमी करत जायचे. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण उपवास, मग पाने सगळी गळोत की निम्मी. दोन्ही होते, त्या त्या वर्षीच्या थंडीप्रमाणे.

पिवळ्या पानाबद्दल सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, कारण माझे सगळे तिथेच चुकले होते. पान पिवळे दिसले की खताच्या डब्याकडे जाऊ नका, आधी मातीत बोट घाला. ओली असेल तर पाणी थांबवा, कुंडी उचलून भोके बघा. माती ठीक असेल तर कोणते पान पिवळे झाले ते पाहा. खालची जुनी पाने सबंध पिवळी होत असतील तर नत्र कमी, तेव्हा खत द्या. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, एक लिटरला एक ग्रॅम एप्सम सॉल्ट. पण शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह. आणि हे आपल्याकडे फार होते. आपल्या गीझरच्या कॉइलवर जे पांढरे पुट चढते तेच कुंडीच्या काठावरही चढते, इथले पाणी चुनखडीच्या डोंगरातले. मातीतला आम्लपणा गेला की लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. त्यावर नत्र घालणे म्हणजे दुखणे डोक्याला आणि मलम गुडघ्याला. चिलेटेड लोह मिळते, त्यातले ईडीडीएचए लिहिलेले घ्या. ईडीटीए अशा चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच एल्मला घातले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

घरगुती गोष्टींबद्दल दरवेळी विचारतात, म्हणून भराभर सांगतो. अंड्याची टरफले नकोत, चुना इथे आधीच जास्त आहे. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये. तांदळाचे धुवण घाला, अपाय नाही, पण त्यालाच खत समजू नका. आणि आपल्या उत्सवातले निर्माल्य. दोरे, चमकी, प्लास्टिक काढून ते कुजवले तर उत्तम खत होते. मात्र चार-पाच महिने पूर्ण मुरलेले, चाळणीने चाळलेले, आणि कुंडी बदलताना मातीत दहावा भाग, त्याहून जास्त नाही. विसर्जनानंतरची शाडू बोन्सायच्या मातीत मिसळू का, असे मागच्या वर्षी एकीने विचारले होते. नका मिसळू. ती चिकट माती भोके बंद करते, आणि बंद भोकांनी काय होते ते मी सांगितलेच आहे.

दादा 2011 मध्ये गेले. वहिनी अजून फोन करतात आणि झाडाचे विचारतात. आता खरे सांगता येते.

दाराशी टोपलीत मी पेंडीच्या पुरचुंड्या बांधून आणल्या आहेत, घरटी चार. हे दिवस अगदी योग्य आहेत. ज्यांचा एल्म आजारी आहे त्यांनी कृपया आज नेऊ नयेत, आधी मला कुंडी दाखवावी. आणि येत्या फेब्रुवारीत मी याची माती बदलणार आहे, तेव्हा सात-आठ जाड मुळे कापावी लागतील. ज्यांना हवी असतील त्यांनी चिटणीसांकडे नाव देऊन ठेवावे. एका वाटीत ओली वाळू घेऊन या, लावायचे कसे ते मी दाखवीन.